जागेची पारख

'घर पाहावे बांधून' असे सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांनी जागा पाहावी निवडून असे कोठे म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. जागा निवडण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी फारच थोड्यांवर येत असे. गावठाण ठरलेले, आळी ठरलेली, भाऊबंदकीत वाट्यास येणारे खण ठरलेले. नवे घर म्हणजे बहुधा जुन्याच जोत्यावर उभे राहिलेले दुसरे घर. गावाची 'काळी' पिकासाठी आणि 'पांढरी' वस्तीसाठी ही विभागणी ज्या कोणा मूळ वसाहतकारांनी केली, त्यांनी ती करताना पाण्याची सोय, पुराची पोच आणि जमिनीचा कठीणपणा या तिन्ही गोष्टींचा विचार केलेला होता, हे देशावरील कोणतेही जुने गाव पावसाळ्यात हिंडून पाहिल्यास ध्यानात येते. ही दृष्टी फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ नंतर जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांबरोबरच पुराचे पाणी वस्तीपासून दूर ठेवणारा बांध आणि त्याचे पाणी वळवून नेणारा पाटही सापडला. नदीकाठ सोडावयाचा नाही, पण नदीला घरातही घ्यावयाचे नाही, हा व्यवहार त्या लोकांना उमगला होता.

ही जबाबदारी गावाच्या शिरावरून एकट्या कुटुंबाच्या शिरावर आली ती शहरे वाढू लागल्यावर. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला आखीव रस्त्यांवरचे भूखंड मध्यमवर्गाला मिळू लागले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत 'प्लॉट' हा शब्द खेड्यापाड्यांतही इतका रुळला की आज तालुक्याच्या कोणत्याही रस्त्यावर चुन्याच्या फक्कीने आखलेले चौकोन आणि त्यांच्या तोंडाशी उभारलेली कमान दिसते. रविवारी सहकुटुंब जाऊन, दलालाने दिलेला चहा पिऊन, समोरच्या डोंगराकडे पाहत मनुष्य तासाभरात जी वस्तू पसंत करतो, ती त्याच्या जन्माची मिळकत असते.

अशा वेळी बहुतेकांची तपासणी भलत्याच क्रमाने होते. जागेचे दोष दोन प्रकारचे असतात: काही पैशाने निस्तरता येतात आणि काही कितीही पैसा ओतला तरी निस्तरत नाहीत. जमीन उंचसखल आहे, कुंपण नाही, विजेचा खांब दूर आहे, झाडे नाहीत, हे सर्व पहिल्या वर्गातले दोष. आणि घासाघीस होते ती नेमकी यांच्यावरून, कारण ते डोळ्यांना दिसतात. उलट पाण्याचा मार्ग, शेजारचा डोंगर, दप्तरातला हक्क आणि घरापर्यंतचा रस्ता या बाबतींतले दोष दुसऱ्या वर्गातले होत; उन्हाळ्यातल्या स्वच्छ सकाळी ते दिसत नाहीत, आणि म्हणून त्यांची चौकशी होत नाही. घराची भिंत पाडून नवी बांधता येते, पण जमीन जेथे आहे तेथून हलविता येत नाही. तेव्हा या दुसऱ्या वर्गापासून आरंभ करावा हे श्रेयस्कर.

पहिला प्रश्न पाण्याचा. जागा उन्हाळ्यात पसंत करावी, पण इसार देण्यापूर्वी ती भर पावसात एकदा पाहावी. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागून राहिली असता त्या जागेवर उभे राहिल्याने जे ज्ञान होते ते कोणत्याही नकाशाने होत नाही. पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरते, कोठे तुंबते, रस्त्याची पातळी जागेहून उंच असल्यामुळे रस्त्याचे पाणी आत येते की काय, शेजाऱ्याने भराव टाकून आपली जमीन उचलल्यामुळे आपल्या वाट्यास तळे आले आहे काय, हे सर्व अर्ध्या तासात कळते. पाऊस नसेल तर खुणा वाचाव्यात: कुंपणाच्या तारांत विशिष्ट उंचीवर अडकलेला काडीकचरा, बाभळीच्या बुंध्यावरचा गाळाचा पट्टा, लव्हाळ्याचे बेट. जेथे लव्हाळा माजतो तेथे वर्षाचे बरेच महिने ओल टिकून असते, हे कोणताही शेतकरी सांगेल.

ओढ्यांच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे. आठ महिने कोरडा असणारा ओढा खरेदीदाराला ओढा वाटतच नाही. तो त्याला रिकामी जागा वाटते, आणि विकणारा त्याला 'नैसर्गिक नाला' असे गोंडस नाव देतो. पुण्यात कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या पावसात काठच्या वस्त्यांची जी वाताहत केली, ती पाहिल्यावर ओढ्याच्या रुंदीचा हिशेब त्याच्या कोरड्या पात्रावरून करू नये, एवढे तरी पटावे. मोठ्या नद्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी जलसंपदा खात्याने पूररेषा आखलेल्या असतात. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध असतो, निळ्या आणि लाल रेषेमधला निर्बंधित. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द मोठे फसवे आहेत. त्यांचा अर्थ पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नसून दर वर्षी तो येण्याचा संभव शंभरांत एक, असा आहे. आणि हाच हिशेब ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीवर मांडला तर लाल रेषेवरच्या घरात त्या मुदतीत पाणी येण्याचा संभव चारांत एक इतका निघतो. निळ्या रेषेवर तो दहांत सात होतो. सांगली-कोल्हापूरकडील लोकांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांच्या आत पाहिले आहेत. त्यांना हे गणित शिकविण्याची आवश्यकता नाही. धरणाखालच्या गावांनी तर १२ जुलै १९६१ चे स्मरण ठेवावे. त्या दिवशी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील वाडे मातीला मिळाले.

डोंगरउताराच्या जागेचे आकर्षण अलीकडे फार वाढले आहे. दृश्य सुंदर असते याबद्दल वाद नाही. पण सह्याद्रीच्या उतारावर खडकाच्या अंगावर मातीचा थर नुसता टेकलेला असतो, आणि घरासाठी सपाटी करताना उताराचा पायथा कापला की त्या थराचा आधार सुटतो. त्यात अतिवृष्टीचे पाणी मुरले म्हणजे माती जड होऊन सरकू लागते. आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४), महाड तालुक्यातील तळिये (जुलै २०२१), खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी (जुलै २०२३) ही नावे आता सर्वांना ठाऊक आहेत. कोकणात आणखी एक प्रकार आढळतो: वर टणक जांभा आणि त्याखाली मऊ, चिकट माती, वरच्या कातळाकडे पाहून पाया भक्कम समजणारा खालच्या मातीचा विचार करीत नाही. उतारावरची झाडे बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली दिसली, किंवा माथ्यावर लांबच लांब भेग आढळली, तर त्या दृश्याचा आनंद दुसऱ्याच्या ओसरीवरून घ्यावा.

आता मातीचा प्रश्न. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन झालेली काळी माती कापसाला जितकी मानवते तितकीच घराला जाचते. ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात तिला पडणाऱ्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो. अशा मातीवर उथळ पाया घातला की घर दर वर्षी किंचित वर उचलले जाते आणि किंचित खाली बसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघालेली चीर उन्हाळ्यात रुंदावते व पावसाळ्यात मिटते. गवंडी दर दिवाळीला ती बुजवितो. तरीही हा दोष मी पहिल्या वर्गातच घालीन, कारण त्यावर उपाय आहे. काळी माती किती खोल आहे आणि तिच्याखाली मुरूम किती फुटांवर लागतो, एवढेच कळावयास हवे. पाच-सहा फुटांवर मुरूम असेल तर पाया तेथपर्यंत नेता येतो. माती त्याहून खोल असेल तर तळाशी फुगीर केलेल्या खुंटांचा पाया घालतात, आणि ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशातील काळ्या मातीसाठीच रूढ केली. हे खुंट साधारणपणे साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतुमानाबरोबर होणारी मातीची हालचाल त्याखाली फारशी पोचत नाही. खर्च वाढतो, पण तो आधी कळला तर जमिनीच्या भावातून वळता करून घेता येतो.

भरावाची जमीन मात्र याहून कठीण. शहरांच्या सीमेवर जुन्या दगडखाणी राडारोड्याने बुजवून त्यांवर सपाट, देखणे भूखंड पाडले जातात; असा भराव वर्षानुवर्षे असमान रीतीने खचत राहतो. येथे डोळ्यांचा उपयोग नाही. विक्रेत्याची परवानगी घेऊन मजुराकडून एक पुरुषभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजू पाहाव्यात. खाली माती, मुरूम, पाषाण असे थर क्रमाने लागले तर जमीन अस्सल; विटांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या फरश्या लागल्या तर ती कोणीतरी तेथे आणून टाकलेली आहे. परवानगी नाकारली गेली तर तेही एक उत्तरच समजावे.

खड्ड्याची ही परीक्षा नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'च्या वास्तुविद्येच्या अध्यायात हातभर खड्डा खणून तीच माती पुन्हा त्यात भरावयास सांगितले आहे: माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. घट्ट दाबलेली जमीन खणली की तिची माती मोकळी होऊन फुगते आणि खड्ड्यात मावत नाही. पोकळ जमिनीची माती मावून जागा उरते. म्हणजे ही परीक्षा आजच्या अभियंत्यालाही हसण्याजोगी नाही. त्याची दुसरी परीक्षा अशी की खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावे, आणि पाणी ओसरले नसेल तर भूमी चांगली. ही मात्र आपल्याकडे जपून वापरावी, कारण ओलावून फुगलेली काळी माती पाणी मुळीच आत घेत नाही आणि या परीक्षेत ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. प्राचीनांच्या मताला मान द्यावा, पण तो आपल्या जमिनीवर ताडून पाहिल्यावर.

पायाखालच्या जमिनीइतकीच दप्तरातली जमीन महत्त्वाची. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात जी मोजणी व आकारणी केली, तिच्यातून मुंबई इलाख्याची सर्व्हे नंबरची पद्धत स्थिर झाली. तेहतीस फुटांची साखळी, त्या साखळीचे सोळा आणे, साखळीच्या चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या पद्धतीचा आजचा वारस म्हणजे सातबारा. नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही, आणि खरेदीदाराने त्यातील सात नंबर एखाद्या दस्तऐवजासारखा ओळ न् ओळ वाचावा. भूधारणेच्या रकान्यात 'भोगवटादार वर्ग १' असेल तर खातेदारास विक्रीचा सर्वसाधारण हक्क आहे. 'वर्ग २' असेल तर सरकारी परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. कुळकायद्याने मिळालेली, वतनाची, पुनर्वसनात दिलेली अशा अनेक जमिनी या सदरात येतात. 'शेताचे स्थानिक नाव' हा रकाना सहसा कोणी वाचत नाही. तेथे 'डोहाकाठचे' किंवा 'चोपण' असे काही लिहिलेले आढळले तर पावसाळ्याची वाट न पाहताही बरेच समजते. नावांपुढे फेरफारांचे क्रमांक असतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर कंसात घातलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. ते का कमी झाले, मृत्यूने, विक्रीने की हक्कसोडपत्राने, हे नमुना सहाच्या नोंदवहीत त्या क्रमांकाखाली पाहावे. बहिणींची नावे कोणत्या फेरफाराने गेली याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण भावांनी परस्पर केलेल्या विक्रीवर पुढे पंधरा वर्षांनी उभा राहणारा दावा बहुधा तेथूनच निघतो.

आणि 'इतर अधिकार' हा रकाना तर सर्वांत आधी वाचावा. सोसायटीचा बोजा, बँकेचे गहाण, कुळाचे नाव, विहिरीत चार आणे हिस्सा, खाजगी वनाची नोटीस, आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावरील निर्बंध, न्यायालयातील दावा, हे सर्व तेथे बारीक अक्षरांत नांदत असते. कोकणात याची तऱ्हा आणखी निराळी; तेथे दहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांचे वारस आढळतात, त्यांतले निम्मे मुंबईस, काही परदेशी, आणि ज्याच्याशी आपण बोलणी करीत आहो तो केवळ गावात राहणारा पुतण्या असतो. सामाईक जमिनीचे वाटप झालेले नसेल तर त्याने विकलेला हिस्सा कोणत्या झाडापासून कोणत्या गडग्यापर्यंत, हे तोही सांगू शकत नाही. गोव्यात जमीन घेणाऱ्याने सातबारा शोधू नये. तेथे एक-चौदाचा उतारा असतो, आणि जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक मालकीची, आहे काय हे प्रथम विचारावे लागते.

सातबारा म्हणजे मालकीहक्काचा अंतिम पुरावा, ही समजूत मात्र सोडावी. महसुली नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच तिचे मोल. हक्क निघतो तो नोंदलेल्या दस्तांतून. म्हणून वकिलाकडून दुय्यम निबंधकाच्या दप्तरात मागील ३० वर्षांचा शोध घेण्याचा रिवाज आहे, आणि तो खर्च वाचविण्याजोगा नाही. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर भिस्त ठेवून ताबा घेणारांनी हे लक्षात ठेवावे की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

शेतजमिनीवर घर बांधावयाचे तर आणखी तीन कायदे आडवे येतात. १९४८ चा कुळकायदा बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेऊ देत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा लहान तुकडे पाडण्यावर बंधने घालतो, जरी त्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या. आणि १९६६ चा जमीन महसूल अधिनियम अकृषिक वापराचे नियम सांगतो. या कायद्यांना वळसा घालून पाडलेले भूखंड म्हणजे गुंठेवारी. अशा वसाहती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला, यावरूनच त्यांची संख्या कळावी. 'आज ना उद्या नियमित होणारच' हे वाक्य दलालाच्या तोंडी इतके बसलेले असते की ते त्याच्या भावपत्रकाचाच भाग समजावे. नगररचना कार्यालयातून झोन दाखला घेतला की जागा रहिवासी पट्ट्यात आहे की हरित पट्ट्यात, तिच्यावरून आखलेला रस्ता किंवा बागेचे आरक्षण जाते काय, हे समजते. समुद्रकाठी भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचे किनारा नियमन त्याखेरीज.

रस्त्याविषयी थोडक्यात पण आग्रहाने सांगावयाचे आहे. जागेपर्यंत आज मोटार जाते म्हणजे रस्ता आहे, असे नव्हे. तो रस्ता मंजूर रेखांकनात दाखविलेला आहे, की कोणा शेतकऱ्याच्या बांधावरून त्याच्या मर्जीने चाललेली वहिवाट आहे? मर्जी पिढीबरोबर बदलते. वडिलांनी सोडलेली वाट मुलाने तार ओढून बंद केली आणि नव्या बंगल्याचा मालक मामलेदारापुढे अर्ज घेऊन उभा राहिला, अशी प्रकरणे प्रत्येक तहसिलीत आहेत. खरेदीखताच्या चतुःसीमेत रस्त्याचा उल्लेख रुंदीसह असावा.

दिशा, वारा, शेजार यांविषयी लोक इतके बोलतात की मी फार बोलणार नाही. दक्षिणमुखी जागा लोक टाळतात म्हणून ती कित्येकदा स्वस्त मिळते. ज्याला त्या समजुतीचे भय नाही त्याने तो लाभ खुशाल घ्यावा. पश्चिमेचे ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस यांपासून मात्र कोणतीही श्रद्धा वाचवीत नाही. जागा एकदा रात्री दहा वाजता, आणि शक्य तर लग्नसराईत, पाहावी. दोन शेतांपलीकडे मंगल कार्यालय आहे हे दिवसा कळत नाही. मे महिन्यात शेजारच्या विहिरींत डोकावावे आणि गावात टँकर कोणत्या महिन्यापासून येतो, हे दुकानदारास विचारावे, विक्रेत्यास नव्हे.

सौदा ठरला की सरकारी मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात विक्रेत्याकडून करून घ्यावा. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि सौदा गुंठ्यांत होतो. लोक आर आणि गुंठा एकच समजतात, पण आर म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट आणि गुंठा १०८९, तेव्हा दहा गुंठ्यांचे पैसे देऊन दहा आर घेणाऱ्याचे सव्वाशे चौरस फूट जातात. भूकरमापक आता साखळीऐवजी यंत्र घेऊन येतो, पण लगतच्या खातेदारांना नोटिसा देऊन त्यांच्यासमक्ष हद्दी दाखविण्याची रीत तीच आहे. त्या वेळी स्वतः हजर राहावे, शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यावी, त्यांची हरकत असेल तर ती तेथेच ऐकावी, आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत हाती आल्यावर हद्दीचे दगड पक्के रोवावेत. बांध कोरून हातभर सरकलेला असेल तर तो खरेदीखतापूर्वी विक्रेत्याने सोडवून द्यावयाचा. नंतर ते भांडण आपले होते.

खरेदीखत नोंदल्यावर तलाठ्याच्या दप्तरी फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पुष्कळ लोक खरेदीखत कपाटात ठेवून या नोंदीचा पाठपुरावा करीत नाहीत, आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव वर्षानुवर्षे राहते. तो मयत झाला तर त्याच्या वारसांची नावे लागतात, आणि मग जी जमीन एकदा पैसे मोजून घेतली, तिच्यासाठी वारसांच्या संमतीपत्रांकरिता दारोदार हिंडावे लागते. नवा उतारा हाती पडेपर्यंत वास्तुविशारदाकडे जाण्याची घाई करू नये.

मधल्या काळात एक पावसाळा मिळाला तर उत्तमच. त्या चार महिन्यांत पाणी कोठे थांबते ते पाहून जोत्याची उंची ठरवावी, कुंपण हद्दीच्या आतून घालावे, आणि सामासिक अंतरात जी झाडे लावावयाची ती तेव्हाच लावून घ्यावीत. बांधकामाच्या पाण्यावर ती आपोआप जगतात.